व्यावसायिक चवपरीक्षकांचा अभ्यास: सगळ्या मुलाखती सारख्याच येत असतील तर काय करावं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. कॉफी आणि चहा चाखून प्रत ठरवणाऱ्या व्यावसायिक परीक्षकांवर पीएचडी चालू आहे. प्रयोगशाळेत बसायची परवानगी मिळाली आहे, मुलाखतीही भरपूर झाल्या आहेत, पण त्या उतरवून काढल्यावर एकीला झाकावं आणि दुसरीला काढावं अशी स्थिती. ‘आम्लता छान, शेवट स्वच्छ, फुलांची थोडी झाक’ यापलीकडे कोणी जात नाही. मार्गदर्शकांनी ‘सर्जनशील पद्धती’ वापरायला सांगितलंय: चित्रं, कोलाज, गंधफेरी (वास टिपत फिरणं), व्हिडिओ. यातलं काय घ्यावं, आणि संशोधकाची स्वतःची जीभ पुरावा म्हणून चालेल का? प्रबंध तपासणारी समिती ती मान्य करेल का, ही काळजीही आहेच.

मुलाखती सारख्या येतात यात तुमच्या प्रश्नावलीचा फारसा दोष नाही. परीक्षकाचं शिक्षणच सारखं बोलण्याचं असतं. एकाच टेबलाभोवतीच्या माणसांनी एकच पेला चाखून एकमेकांच्या जवळपास गुण द्यावेत, यासाठी कॅलिब्रेशनची सत्रं चालतात. मतभेद तिथे काढले जातात, घासले जातात, मिटवले जातात. मग तोच माणूस तुमच्या रेकॉर्डरसमोर बसतो आणि मिटल्यानंतरची भाषा ऐकवतो. तो काही लपवत नसतो, पण तुमच्या हाती फक्त निकाल येतो. तुम्हाला हवी आहे ती घोट घेतल्यापासून गुण लिहीपर्यंतची वेळ. ती काही सेकंदांची असते, कधी काही मिनिटांची. कुठलीही पद्धत निवडताना मी एवढंच विचारतो: हिनं ही मधली वेळ उघडते का? उघडत नसेल तर पद्धत कितीही रंगीत असो, मी बाजूला ठेवतो.

म्हणून कुठल्याही सर्जनशील पद्धतीआधी साधं बघणं. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ आंत्वान हेनियाँ यांनी संगीताच्या आणि वाइनच्या रसिकांवर काम करताना आवड-निवड ही माणसाकडे असलेली वस्तू न मानता ती तो करत असलेली कृती मानली. चवपरीक्षकांच्या बाबतीत हे अक्षरशः डोळ्यांना दिसतं, कारण त्यांच्या कृतीला अवजारं आहेत, क्रम आहे, घड्याळ आहे.

चहाचं घ्या. चाखणीसाठी चहा कसा करायचा ते ठरवणारं आयएसओ 3103 हे आंतरराष्ट्रीय मानक 1980 मध्ये आलं. 100 मिलिलिटर उकळत्या पाण्याला 2 ग्रॅम पत्ती, भांड्यावर झाकण, 6 मिनिटं. असा चहा कोणी आवडीनं पीत बसणार नाही, आणि मानकाचा तसा दावाही नाही. दोन नमुने एकाच अटीवर शेजारी ठेवता यावेत एवढ्यासाठी तो केलेला असतो. म्हणजे चव जिभेवर पोचायच्या आधीच वजनकाटा, पांढरं चिनीमातीचं भांडं आणि घड्याळ यांनी तिच्यावर काम केलेलं असतं. हे लिहायला विसरू नका. इंद्रियांवरच्या कितीतरी प्रबंधांत संवेदनांवर पानंच्या पानं असतात आणि वजनकाट्याचं नाव नसतं.

कॉफीच्या कपिंगमध्ये, म्हणजे प्रत ठरवण्यासाठी ठरावीक पद्धतीनं चाखण्यात, हे आणखी ठळक दिसतं. स्पेशालिटी कॉफी असोसिएशनच्या जुन्या पद्धतीत 150 मिलिलिटर पाण्याला 8.25 ग्रॅम कॉफी, पाणी साधारण 93 अंशांचं, आणि प्रत्येक नमुन्याचे पाच पेले. आधी कोरड्या पुडीचा वास. मग पाणी ओतून तीन ते पाच मिनिटं हात लावायचा नाही. वर आलेला पुडीचा थर चमच्यानं फोडायचा, नाक खाली नेऊन वास घ्यायचा. तापमान 71 अंशांच्या आसपास आलं की चव आणि मागे रेंगाळणारी चव, थोडं निवल्यावर आम्लता, घट्टपणा, तोल. अंगाच्या उष्णतेइतकं कोमट झाल्यावर गोडवा, स्वच्छपणा आणि पाचही पेले सारखे आहेत का ते. 21 अंशांना थांबायचं. गुण 6 ते 10 च्या दरम्यान, पाव-पाव गुणांच्या पायरीनं. एकूण 80 आणि वर गेलं तर ‘स्पेशालिटी’, म्हणजे वरच्या दर्जाची कॉफी. आता 2023 पासून असोसिएशननं नवी पद्धत आणली आहे. तिच्यात ‘यात काय जाणवतं’ आणि ‘हे कितपत चांगलं वाटतं’ हे दोन प्रश्न वेगळ्या तक्त्यांवर विचारले जातात. तुमच्या प्रयोगशाळेत जुन्या पद्धतीत मुरलेले लोक नव्या तक्त्यावर काम करत असतील, तर तो संक्रमणाचा काळ आहे, सोडू नका. आजवर एकाच आकड्यात मिसळून गेलेलं वर्णन आणि पसंती हातानं वेगळं करायला लागल्यावर माणसं कुठे अडखळतात, हे नंतर विचारून कळणार नाही.

या सांगाड्यामुळे तुमची नोंदवही सोपी होते. डावीकडे तापमान किंवा वेळ, उजवीकडे जे दिसलं, ऐकू आलं ते. मी विशेष लक्ष देतो पेन्सिलीकडे. छापील तक्त्याचा क्रम एक असतो आणि पेन्सिलीचा दुसरा. वासाच्या टप्प्यावरच कोणी समासात बारीकशी खूण करतं. ती कुठल्याच रकान्यात बसत नाही, पण शेवटचे आकडे पुष्कळदा तिच्याकडे झुकतात. कोणी 7.75 लिहितं, पेला कोमट झाल्यावर परत येतं, खोडत नाही, फक्त आकड्याभोवती गोल करतं. सत्र संपल्यावर हे कागद कपाटात जातात किंवा टाकले जातात आणि राहतो तो संगणकात भरलेला अंतिम गुण. कागद मागून घ्या. निदान फोटो काढू द्या म्हणा.

दुसरं, आवाज. चमच्यातून कॉफी जोरात ओढून घेण्याचा सुर्रकन आवाज नवख्याला विनोदी वाटतो. द्रव फवाऱ्यासारखा तोंडभर जावा आणि वास घशामागून नाकात चढावा, यासाठी ते ओढणं असतं. आपण ज्याला चव म्हणतो तिचा मोठा हिस्सा याच वाटेनं येतो. पण तो आवाज शेजाऱ्यांनाही ऐकू येतो. टेबलाभोवती बोलायला बंदी असते, चेहरे कोरे ठेवायचे असतात, आणि तरीही एखादा माणूस तिसऱ्या पेल्यावर दोनदा, मग पुन्हा एकदा ओढतो, तेव्हा पलीकडे उभी असलेली बाई फेरी मोडून त्याच पेल्याकडे येते. कोणी काही बोललेलं नसतं. हे मुलाखतीत कधीच येत नाही, कारण विचारलं तर दोघंही प्रामाणिकपणे सांगतात की आम्ही एकमेकांकडे लक्ष देत नाही.

इथे व्हिडिओ उपयोगी पडतो, आणि मला विचाराल तर सर्जनशील म्हणवणाऱ्या पद्धतींत पहिला क्रमांक त्याचा. भाषाशास्त्रज्ञ लोरेन्झा मोंडाडा यांनी चीजच्या दुकानांत गिऱ्हाईक आणि विक्रेता यांच्यामध्ये चाखणं कसं घडतं याचं फार बारीक चित्रीकरण-विश्लेषण केलंय. चाखणारा माणूस घास तोंडात असताना नजर काढून घेतो, बोलणं थांबतं, समोरचा वाट बघतो, आणि मग मत येतं. अगदी खाजगी वाटणारा क्षण किती जणांनी मिळून सांभाळलेला असतो, ते असं फ्रेम-फ्रेमनं पाहिल्यावर कळतं. तुमच्याकडे भारी कॅमेरा हवा असं नाही. दोन साधे फोन पुरतात: एक टेबलाच्या वर, हातांवर आणि पेल्यांवर, दुसरा उभ्या माणसांवर. आवाज नीट यायला हवा. चेहऱ्यांच्या जवळच्या फ्रेमा टाळा. माणसं सावध होतात आणि तुम्हाला चेहऱ्याइतकेच हातही हवे असतात.

चित्रीकरण झालं की खरी मुलाखत. त्याच दिवशी, शक्यतो चव तोंडातून पुरती गेलेली नसताना, तीच फीत त्या माणसाला दाखवायची आणि एकाच घोटावर थांबायचं. फ्रान्समध्ये मानसशास्त्रज्ञ पिएर व्हेरमेर्श यांनी बसवलेली एक मुलाखत-पद्धत आहे. तिचा गाभा असा की माणसाला ‘सर्वसाधारणपणे’ बोलू द्यायचं नाही, एका ठरावीक क्षणाकडे परत न्यायचं आणि ‘का’ असं विचारायचं नाही. ‘का’ म्हटलं की माणूस समर्थन द्यायला लागतो. ‘मग काय केलंत’ म्हटलं की आठवायला लागतो. अशा बोलण्याचा एक तुकडा देतो:

‘चमचा ओठाला लागला. मग?’
‘मग थांबलो जरा.’
‘थांबलात म्हणजे काय केलंत?’
‘श्वास सोडला. नाकातून. नेहमीसारखा नाही, हळू.’
‘हळू सोडताना?’
‘यायला हवं होतं ते आलंच नाही. आधीच्या पेल्यात होतं ते.’

सहा ओळी आहेत, पण केवढं हाती लागलं बघा. निवाडा या पेल्यात जे आहे त्यावर झालेला नाही, जे नाही त्यावर झालाय. तुलना मागच्या पेल्याशी आहे, तक्त्याशी नाही. आणि श्वासाचा वेग ही शोधण्याची कृती आहे. याच माणसाला ‘तुम्ही दोष कसा ओळखता’ असं विचारलंत, तर तो पाठ असलेली यादी म्हणून दाखवेल.

चित्र आणि कोलाज यांबद्दल मी जरा कडू बोलणार आहे. परीक्षकाला रंगीत कागद दिले आणि ‘या कॉफीचं चित्र काढा’ म्हटलं, की तो वर्णनाचे तेच शब्द रंगवतो. लिंबासाठी पिवळा, चॉकलेटसाठी तपकिरी. फ्लेवर व्हीलवर, म्हणजे चवीचे शब्द गोलात मांडलेल्या तक्त्यावर, ते रंग आधीच छापलेले असतात. म्हणजे नवीन काही मिळालं नाही, फक्त प्रबंधाला परिशिष्ट मिळालं. त्यापेक्षा एका घोटाची वेळरेषा काढायला सांगा: आडवी रेघ म्हणजे वेळ, उभी म्हणजे जोर, आणि एकही शब्द लिहायचा नाही. घोट कुठे चढला, कुठे कोसळला, मागे काय राहिलं. हे चित्र काढताना माणसं पुन्हा चाखायला मागतात. तो दुसरा घोट तुमच्या कामाचा.

संवेदन-शास्त्राकडूनही एक गोष्ट उसनी घ्या. तिकडे नमुने मोठ्या कागदावर मांडायची पद्धत आहे: 60 बाय 40 सेंटिमीटरचा कोरा कागद, त्यावर जे पेले सारखे वाटतात ते जवळ, वेगळे वाटतात ते लांब. फ्रान्समधल्या संख्याशास्त्रज्ञ जेरोम पाजेस यांच्यामुळे ती ‘नॅपिंग’ या नावानं रुळली. शास्त्रज्ञांना शेवटचे अंतर-आकडे हवे असतात. तुम्ही मांडामांड चालू असतानाचे हात चित्रित करा. सात पेले पटकन जागेवर बसतात आणि आठवा कागदभर फिरत राहतो. तो फिरणारा पेला हाच तुमचा प्रश्न. त्याच्यावर लगेच, वर सांगितलेल्या पद्धतीनं बोला. एकाच कागदावर दोघांना मिळून मांडायला लावलं तर आणखी बहार येते, कारण पेला हलवायचा तर शेजाऱ्याला कारण द्यावं लागतं.

गंधफेरी नवख्यांच्या वर्गात बरी. व्यावसायिकांच्या अभ्यासात मला तिचा उपयोग दिसलेला नाही.

मुद्दाम घडी विस्कटणं हा प्रकार मात्र विचारपूर्वक वापरण्याजोगा आहे. तक्त्याशिवाय चाखा, चमचा बदला, नाकाला चिमटा लावून एक फेरी करा, काळ्या पेल्यात द्या. रोजची कृती अडली की तिचे सांधे दिसतात. 2011 मध्ये डच मानववंशशास्त्रज्ञ ॲनमरी मोल आणि सहकाऱ्यांनी असाच एक छान प्रयोग मांडला. हातानं जेवायची सवय असलेल्या आणि नसलेल्या संशोधकांनी एकत्र बसून बोटांनी जेवण केलं आणि बोटांना चव कळते का, हा प्रश्न स्वतःच्या हातांवर घेतला. त्यात कोणाला फसवलेलं नव्हतं. हे महत्त्वाचं, कारण या क्षेत्रात फसवणुकीच्या प्रयोगांची हौस फार. 2001 मध्ये प्रसिद्ध झालेला बोर्दोचा प्रयोग सगळ्यांना माहीत असतो: पांढऱ्या वाइनला बिनवासाचा लाल रंग दिला आणि चाखणाऱ्यांनी तिला लाल वाइनचे शब्द लावले. तो ‘तज्ज्ञांचं पितळ उघडं पडलं’ अशा थाटात सांगितला जातो. मुळात त्यात वाइनशास्त्र शिकणारे 54 विद्यार्थी होते, त्यांना वासावरून शब्द लावायचे होते, आणि निष्कर्ष रंग आणि वास यांची वर्णनात पडणारी गाठ याबद्दलचा होता. परीक्षकांना खोटं ठरवायला गेलात तर परवानगी जाईल हा एक भाग, पण मुख्य म्हणजे माहिती मिळणार नाही. रंगाचा परिणाम होतो हे त्यांना तुमच्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं. म्हणून तर कित्येक ठिकाणी लाल दिव्याखाली चाखतात.

आता तुमची जीभ. हो, चालते. पण ती कशाचा पुरावा आहे ते आधी ठरवा. ती कॉफी कशी आहे याचा पुरावा नाही, त्यासाठी ते लोक आहेत. ती शिकण्याच्या वाटेचा पुरावा आहे. फ्रेंच विचारवंत ब्रूनो लातूर यांनी 2004 च्या एका लेखात सुगंध-उद्योगातल्या शिकाऊ माणसांचं उदाहरण घेतलंय: गंधांची एक पेटी असते, ठळक फरकांपासून बारीक फरकांकडे नेणारी, आणि तिच्यासोबत काम करता करता माणसाला ‘नाक’ मिळतं. पेटी आणि नाक एकत्रच घडतात. हे घडताना बघायचं तर तुम्हाला स्वतः शिकावं लागेल, आणि शिकायला लागायच्या आधीची नोंद करावी लागेल. ही नोंद करायची राहून गेली तर कायमची गेली. ज्या दिवशी तुम्हाला दोष ओळखता येऊ लागतो, त्या दिवसानंतर तो न कळण्याची अवस्था आठवणीतून परत आणता येत नाही. तेव्हा प्रशिक्षणाचा एकही शब्द कानावर पडण्याआधी चार-पाच नमुने चाखा आणि स्वतःच्या मोडक्यातोडक्या भाषेत लिहा. ‘काहीतरी जुन्या कपाटासारखं’ असं आलं तर तसंच लिहा, दुरुस्त करू नका.

मग अधूनमधून त्रिकोण-चाचणी घ्या. तीन पेले, त्यातले दोन एकच, वेगळा ओळखायचा. अंदाजपंचे बरोबर यायची शक्यता तीनात एक, म्हणून एका यशावर खूश होऊ नका. प्रगतिपुस्तकापेक्षा मला त्यातली एक मधली अवस्था मोलाची वाटते: वेगळा पेला बरोबर उचलता येतो, पण तो कशानं वेगळा ते सांगता येत नाही. ती काही आठवडे टिकते आणि मग शब्द मिळाला की विरून जाते. ती चालू असताना रोज लिहा. झोप, सर्दी, आधी काय खाल्लं, कितवा नमुना, हेही लिहा. एकाच वासात बसून नाक बोथट होतं, ते पहाटेच्या पहिल्या पेल्याला जसं असतं तसं तिसाव्याला नसतं.

शिकताना तुम्हाला संदर्भ-नमुने हुंगायला देतील. त्यांच्याकडे जरा तिरक्या नजरेनं बघा. ॲन नोबल यांनी कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसच्या विद्यापीठात 1980 च्या दशकात वाइनचं गंधचक्र बनवलं, ते ‘सुंदर’, ‘डौलदार’ असले शब्द हटवून वस्तूशी जोडता येणारे शब्द आणण्यासाठी. कॉफीचं 2016 चं चक्र ज्या शब्दकोशावर उभं आहे, त्यात प्रत्येक गंधासाठी संदर्भ-वस्तू दिली आहे आणि त्यांत अमेरिकेतल्या दुकानात मिळणारी पाकीटबंद उत्पादनं बरीच आहेत. म्हणजे ज्यानं ब्लूबेरी कधी खाल्लेली नाही तो परीक्षक ब्लूबेरी बाटलीतून शिकतो, आणि कॉफी पिकवणाऱ्याला आपल्या मालात ती आहे हे खरेदीदाराच्या कागदावरून कळतं. यावर राग व्यक्त करून थांबू नका, त्यामागे जा. बाटली कोण मागवतं, संपल्यावर पर्याय म्हणून काय वापरतात, तो पर्याय कोणाच्या संमतीनं ठरतो? चवीतल्या सत्तेबद्दल लिहायचं तर हे तपशील सिद्धान्तांपेक्षा जास्त बोलतात. आणि शेतकऱ्यानं पेला हातात घेतला तर त्याला टेबलावर कितवी जागा मिळते, हेही.

संशोधन-नीतीच्या अर्जात लोक फक्त संमतीपत्र लिहितात. इथे दोन गोष्टी जास्त लागतील. नमुन्यांची ओळख व्यापारी गुपित असते, म्हणून फोटोतले लॉट-क्रमांक झाका आणि किमतीचा निर्णय होईपर्यंत काही छापू नका. दुसरं, वासाची शक्ती जाणं हा या लोकांचा सगळ्यात मोठा धसका आहे. 2020 नंतर तर कितीजणांनी तो प्रत्यक्ष भोगला. वय, आजार, औषधं यांबद्दल कोणी तुम्हाला विश्वासानं सांगितलं तर ते नाव बदलूनही लिहू नका, कारण छोट्या वर्तुळात माणूस दोन खुणांवरून ओळखू येतो. तुमच्या स्वतःच्या तब्येतीसाठी: थुंकायला शिका. संकोच वाटतो म्हणून गिळत राहिलात तर दुपारपर्यंत हात थरथरतील आणि नोंदी वाचता येणार नाहीत.

प्रबंध तपासणाऱ्या समितीची काळजी तुम्ही बोलून दाखवली आहे. स्वतःच्या जिभेवरचं प्रकरण वेगळं ‘आत्मकथन’ म्हणून मागे लावू नका, तिथे ते हौशी दिसतं. तुमच्या शिकण्याची नोंद, त्याच आठवड्यातलं टेबलाचं चित्रण आणि त्याच घोटावरची मुलाखत अशा तिन्ही गोष्टी एका पेल्याभोवती एकत्र मांडा. असे पाच-सहा पेले प्रबंधाला पुरतात. जिथे तिन्हींचं जुळत नाही ते पेले आधी निवडा. आणि झालेल्या मुलाखती फेकू नका: एकमताची भाषा इतकी घट्ट कशी बसते, याचा तो तुमच्याकडचा सगळ्यात मोठा साठा आहे.